काकांसाठी स्क्रीनवरचा मराठी कीबोर्ड करायलोय, पण अक्षर दुसऱ्या खिडकीत जाईना

मांजराकाठ
नमस्कार मंडळी, मी लातूरचा. प्रश्न जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा.

माझे काका गेली छत्तीस वर्षं कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देतात. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. मागच्या दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. उजवा हात अजून उचलत नाही, डाव्या हातानं माउस बरोबर धरतात. बोलणं जड झालंय, घरच्यांना कळतं, बाहेरच्याला दोनदा विचारावं लागतं. पण डोकं एकदम खणखणीत. बांधावरून नवीन रस्ता मागायचा असेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३, आणि असलेला रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. लोक अजून घरी येतात, काका तोंडी सांगतात, पण लिहून देता येत नाही म्हणून माणूस रात्री नीट जेवत नाही.

तर मी त्यांच्यासाठी स्क्रीनवरचा कीबोर्ड करायलोय, सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. मोठी बटणं, एका बटणाला एक अक्षर, माउसनं दाबलं की वर्डमध्ये उमटलं पाहिजे. बटणं झाली, रंग झाले. पण ‘क’ दाबलं की वर्डची खिडकी मागं पडते, कर्सर लुकलुकायचा थांबतो आणि अक्षर कुठंच जात नाही. कळा पाठवायला सेंडकीज ही तयार सोय वापरलीय. आधीची खिडकी लक्षात ठेवायची, सेटफोरग्राउंडविंडोनं परत पुढं आणायची आणि मग पाठवायचं असंही करून बघितलं. कधी चालतं कधी नाही, आणि दर अक्षराला खिडक्या मागंपुढं होतात, काकांना बघूनच गरगरायला होतं.

कुणी केलंय का असलं काही?

जवारीची_भाकर
विंडोज-कंट्रोल-ओ दाबा की, तयार कीबोर्ड येतो. मराठी भाषा टाकलेली असली तर अक्षरंपण मराठीच दिसतात. नवीन कशाला करता?

मांजराकाठ
@जवारीची_भाकर बघितलाय तो. चांगला आहे, ओढून मोठापण होतो, माउस नुसता थांबवला तरी दाबलं जातं अशी सोय आहे त्यात. पण तो इनस्क्रिप्ट मांडणीचा आहे, क ला ख पाहिजे तर शिफ्ट, त ला थ पाहिजे तर शिफ्ट. आणि काकांनी आयुष्यात इनस्क्रिप्ट बघितलं नाही, ते टाइपरायटरवाले.

परभणीचा_गडी
दादा फोनवर बोलून टाइप करा म्हणावं की काकाला. आमचे मामा सगळं बोलूनच करायलेत.

मांजराकाठ
बोलणं जड झालंय म्हणलो ना वर.

परभणीचा_गडी
माफ करा दादा, घाईत वाचलं.

खाम_नदी
बोलणं साफ असतं तरी अर्जाला ते चाललं नसतं. मी संभाजीनगरला डीटीपी करतो, बोलून टाइप केलेले मजकूर रोज येतात दुरुस्तीला. गट नंबर, पोटहिस्सा, गावाचं नाव, आडनाव, सगळी गडबड. चिठ्ठी लिहायची असेल तर ठीक, पण अर्जात गट नंबर चुकला तर त्या माणसाचं वरीस जातं.

सिंदफणा
मांजराकाठ, मूळ प्रश्नावर येतो. मी बीडचा, सध्या पुण्यात, हेच काम करतो.

तुमची चूक एकच, तुमची खिडकी क्लिक घेताना फोकसपण घेते. ज्याच्याकडे फोकस त्याच्याकडेच कीबोर्डची अक्षरं जातात, म्हणजे तुम्ही ‘क’ पाठवता तेव्हा समोर तुमचाच कीबोर्ड उभा असतो. फोकस घेऊन परत देण्याची खटपट सोडून द्या, तो घ्यायचाच नाही. खिडकी तयार होताना तिला डब्ल्यूएस ईएक्स नोॲक्टिव्हेट ही विस्तारित शैली द्या, आकडा झीरो एक्स ०८००००००. विंडोज फॉर्म्समध्ये क्रिएटपॅराम्स ओव्हरराइड करून एक्सस्टाइलमध्ये मिसळायचा. सोबत टॉपमोस्ट ठेवा म्हणजे वर्डखाली दबणार नाही. बटणांचा सिलेक्टेबल गुण बंद करा. मग बटण दाबलं तरी वर्डचा कर्सर जागेवर लुकलुकत राहतो.

कीबोर्डनं दारात उभं राहून चिठ्ठी द्यावी, घरात येऊन बसू नये.

दोन गोष्टी बिचकवतील म्हणून आधीच सांगतो. अशी खिडकी टास्कबारवर दिसत नाही, पाहिजे असेल तर ॲपविंडो शैलीपण द्यावी लागते. आणि वरची पट्टी धरून ओढताना खिडकी हललेली दिसत नाही, माउस सोडल्यावर एकदम नव्या जागी उमटते.

सेंडकीजपण सोडा. सेंडइनपुट फंक्शन वापरा, केइव्हेंटएफ युनिकोड झेंडा लावून. व्हर्च्युअल की शून्य, आणि स्कॅन कोडच्या जागी अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे त्या अक्षराला जगभर ठरलेला आकडा. क म्हणजे ०९१५. एकदा दाबल्याचा आणि एकदा सोडल्याचा. यात समोरच्या कॉम्प्युटरवर कुठली भाषा निवडलीय याच्याशी काही घेणंदेणं राहत नाही.

मांजराकाठ
सिंदफणा सर, नोॲक्टिव्हेट चाललं! कर्सर हललापण नाही. मी आईला हाक मारून दाखवलं, तिला काय दाखवायलोय ते कळलं नाही पण ती हसली.

पण सेंडइनपुट शून्य परत द्यायलंय. एरर ८७. काहीच उमटत नाही.

सिंदफणा
एरर ८७ म्हणजे पॅरामीटर चुकीचा. इनपुट नावाचं स्ट्रक्चर तुम्ही स्वतः लिहिलंय ना, त्यात फक्त कीबोर्डचा भाग घेतला असणार. मूळ स्ट्रक्चरमध्ये माउस, कीबोर्ड आणि हार्डवेअर तिन्हींची युनियन आहे, म्हणजे तिघं एकाच जागेत, आणि त्यात माउसचा भाग सगळ्यात मोठा. ६४ बिटला पूर्ण माप ४० बाइट पाहिजे, ३२ बिटला २८. फक्त कीबोर्ड घेतला तर ६४ बिटवर ३२ भरतं, आणि विंडोज माप बघूनच दारातून परत पाठवतं. माउसचा भागपण लिहा, वापरायचा नाही तरी.

मांजराकाठ
३२ च होतं! माउसचा भाग टाकला, ४० झालं, आणि वर्डमध्ये ‘क’ आला. रात्रीचे पावणेदोन झालेत. धन्यवाद सर, मनापासून.

जवारीची_भाकर
पावणेदोनला आलेला क जपून ठेवा, त्याची बाराखडी होणार आहे.

उदगीरकर
विंडोजवर एवढ्यात निभावलं. मी लिनक्सवाला, आमच्याकडं वेगळीच तऱ्हा आहे, कुणाला पुढं लागलं तर उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स ११ मध्ये एक्सटेस्ट नावाचं एक्स्टेन्शन आहे, त्यातून कळ दाबल्याचं सोंग करता येतं आणि समोरच्या प्रोग्रॅमला ते खरंच वाटतं. एक्ससेंडइव्हेंटनं पाठवलं तर त्यावर बनावट असल्याचा शिक्का असतो, एक्सटर्मसारखे प्रोग्रॅम ते घेत नाहीत. पण एक्सटेस्टला फक्त कळ कळते, अक्षर कळत नाही. म्हणून ळ पाठवायचा तर एखादी रिकामी कळ बघायची, घटकाभर तिच्यावर ळ बसवायचा, दाबायची आणि परत मोकळी करायची. दर अक्षराला हे.

आता त्याच्या जागी वेलँड आलंय, उबंटू या लिनक्समध्ये २१.०४ आवृत्तीपासून तेच आपोआप असतं. तिथं एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या घरात डोकावूच शकत नाही. कंपोझिटरनं, म्हणजे खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रॅमनं, व्हर्च्युअल कीबोर्डचा प्रोटोकॉल दिला असेल तर त्यातून जायचं, नाहीतर खाली कर्नलपाशी, लिनक्सच्या गाभ्यापाशी, जाऊन यूइनपुटनं खोटा कीबोर्डच जोडायचा, त्याला परवानगी लागते. सुरक्षेच्या दृष्टीनं बरोबरच आहे ते, कुणीपण उठून तुमच्या बँकेच्या खिडकीत टाइप करू नये. पण ज्याचा हात चालत नाही त्याच्यासाठी दार कुठून ठेवायचं याचा विचार सगळ्यात शेवटी होतो, हे मला पटत नाही.

परभणीचा_गडी
आणि मोबाइलवर कसं असतंय मग? तिथं तर सगळेच कीबोर्ड स्क्रीनवरचेच.

उदगीरकर
अँड्रॉइडवर हे कामच सोपं. तिथं २००९ मधल्या १.५ आवृत्तीपासून कीबोर्डसाठी वेगळी सोय आहे, इनपुटमेथडसर्व्हिस. कळ दाबल्याचं सोंगच करावं लागत नाही, सरळ मजकूर हातात द्यायचा, कमिटटेक्स्ट. कॉम्प्युटरवर आपल्याला जे आडमार्गानं करावं लागतंय ते तिथं हमरस्त्यानं होतं.

गोदाकाठची
मी नांदेडला टंकलेखन शिकवते, बावीस वर्षं झाली. मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची मराठी परीक्षा देणारी पोरं रोज समोर असतात.

मांजराकाठ, तुमच्या काकांना जर टाइपरायटरची सवय आहे तर नुसती बटणं त्या जागी ठेवून भागणार नाही, दाबण्याचा क्रमसुद्धा वेगळा असतो. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी दाबतात आणि मग अक्षर. ‘कि’ लिहायचं तर आधी ि मग क. युनिकोडमध्ये उलटं, आधी क मग वेलांटी. रफार त्याच्या विरुद्ध, ‘कार्य’ मध्ये टाइपरायटरवाला का, य आणि शेवटी वरचा रफार देतो, आणि युनिकोडमध्ये र आणि हलन्त य च्या आधी यावा लागतो. ख, ग, थ अशी कितीतरी अक्षरं अर्धी उमटतात आणि काना दिला की पूर्ण होतात. छत्तीस वर्षं ज्या माणसानं ‘स्थिती’ लिहिताना वेलांटी सगळ्यात आधी दाबली, तो आता शेवटी दाबणार नाही. त्यांना बदलायला लावू नका. तुमचा कीबोर्ड बदला.

सिंदफणा
ताई, आदर ठेवून थोडा वेगळा सूर लावतो. टाइपरायटरची मांडणी दहा बोटांसाठी आहे. काका एका बाणानं टाइप करणार आहेत. पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला नियम आहे, लक्ष्य जेवढं लांब आणि जेवढं बारीक तेवढा वेळ जास्त. म्हणजे काना, र, त, य, अनुस्वार असली सारखी लागणारी बटणं मध्यभागी आणि मोठी पाहिजेत. टाइपरायटरची मांडणी जशीच्या तशी उचलली तर बाण दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहील आणि डावा हातपण दुखायला लागेल.

गोदाकाठची
तुमचा नियम बरोबर असेल. पण बटण कुठं आहे हे शोधण्यात जो वेळ जातो तो त्यात मोजलाय का? माझ्याकडं पोरं पहिल्या महिन्यात हात हलवण्यात वेळ घालवत नाहीत, अक्षर शोधण्यात घालवतात.

खाम_नदी
काकांना विचारा की! आपण इथं भांडून काय उपयोग.

मांजराकाठ
विचारलं. काल संध्याकाळी जे झालं ते सविस्तर लिहितो, मला अजून त्याचं नवल वाटायलंय.

टाइपरायटरची मांडणी कागदावर छापली पण अक्षरं पुसून, नुसते चौकोन. काकांना म्हणलं अक्षरं भरा. त्यांनी कागदाकडं बघितलंच नाही. डावा हात टेबलावर ठेवला, बोटं हलवली, दोन-तीनदा हवेत दाबल्यासारखी, आणि मग सांगितलं इथं क, इथं म, इथं त, वेलांटी इथं. धडाधड. एकपण चुकलं नाही. डोळ्याला माहीत नव्हतं, बोटाला माहीत होतं.

मग उजवी बाजू आली. र कुठं? काका थांबले. उजव्या हाताकडं बघितलं, तो मांडीवर पडलेला. बराच वेळ बघत होते. मग हळू म्हणले, “याला माहीत आहे.” काना सांगता आला नाही, स सांगता आला नाही, न सांगता आला नाही. छत्तीस वर्षं रोज हजारदा दाबलेली अक्षरं. मी पाणी आणायला म्हणून आत गेलो.

तर आता असं ठरलंय, डावी बाजू टाइपरायटरप्रमाणे आणि उजवी बाजू सिंदफणा सर म्हणतात तशी, सारखी लागणारी मध्याजवळ मोठी. ती काकांनी स्वतः जागा सांगून बसवून घेतली. दाबण्याचा क्रम मात्र गोदाकाठच्या ताई म्हणतात तोच, टाइपरायटरचा.

गोदाकाठची
वाचून काही सुचलं नाही बराच वेळ. तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा.

तेरणाकाठ
मी धाराशिवची. माझ्या बहिणीला जन्मापासून हातापायांचा ताठरपणा आहे, तिला माउस फिरवता येतो पण बटण दाबताना हात उडतो. तिच्यासाठी आम्ही ऑप्टिकी वापरून बघितलं, फुकट आणि मुक्त आहे, नजरेनं चालणाऱ्या यंत्रासोबत किंवा साध्या माउससोबतपण. बाण अक्षरावर काही वेळ थांबला की अक्षर दाबलं जातं. ती सोय तुमच्या कीबोर्डमध्ये असेल का? मराठीची मांडणी तिला तुमची बघायची आहे. मी हा धागा तिला रोज वाचून दाखवते.

मांजराकाठ
तेरणाकाठ ताई, नक्की करतो. आधी रफारातून बाहेर पडू द्या.

रफाराची अडचण अशी आहे. काका का, य दाबतात, ते वर्डमध्ये गेलेलं असतं. मग रफार दाबतात. आता मला मागं जाऊन य खोडायचा, र, हलन्त, य असं परत पाठवायचं. शेवटचं अक्षर काय पाठवलं ते लक्षात ठेवून तेवढे बॅकस्पेस मारतो. पण मधेच काकांनी वर्डमध्ये दुसऱ्या ओळीत क्लिक केलं आणि मग रफार दाबला तर तिथलं भलतंच अक्षर खोडलं जातं. काल एका अर्जदाराच्या आडनावाचं शेवटचं अक्षर असंच गेलं, नशीब छापायच्या आधी दिसलं. खिडकी बदलली तर सेटविनइव्हेंटहुकनं कळतं, पण त्याच खिडकीत कर्सर हलला तर कळत नाही.

सिंदफणा
पाठवून परत खोडायची पद्धतच सोडा. कीबोर्डच्या वर एक पट्टी ठेवा. चालू अक्षर त्या पट्टीत जमू द्या, वेलांटी, अर्धं अक्षर, रफार, सगळं तिथंच. पुढचं अक्षर सुरू झालं किंवा स्पेस दाबला की मागचं पूर्ण अक्षर एकदम पाठवायचं. सेंडइनपुटला सगळ्या कळा एकाच ॲरेमध्ये दिल्या की मधे दुसरं काही घुसत नाही. ‘क्ष’ साठी तीन क्रमांक, ०९१५, ०९४डी, ०९३७, दाबल्या-सोडल्याच्या सहा नोंदी, एकाच खेपेत.

मांजराकाठ
पण मग शेवटचं अक्षर पट्टीत अडकलेलं असताना काकांनी दुसरीकडं क्लिक केलं तर ते अक्षर नव्या जागी पडेल.

परभणीचा_गडी
मला प्रोग्रॅमिंगमधलं काही कळत नाही, एक विचारू का. काका सगळं माउसनंच करायलेत ना? मग दुसरीकडं क्लिक करायला बाण कीबोर्डच्या बाहेर जाणारच की. बाण बाहेर निघाला की पट्टीतलं अक्षर लगेच सोडून द्यायचं. क्लिक होईपर्यंत ते आपल्या जागी पोचलेलं असंल.

सिंदफणा
गडी, हे मला सुचायला पाहिजे होतं. एकदम बरोबर.

मांजराकाठ
चाललं! चार ओळींत झालं. परभणीला आलो की चहा माझ्याकडून.

खाम_नदी
पट्टी आहेच तर एक बघून घ्या, ‘ऱ्य’ येतो का. आचार्यांना बोलावले आणि आचाऱ्यांना बोलावले यात फरक आहे, एकात गुरुजी येतात, एकात स्वयंपाकी. दुसऱ्या, शेतकऱ्यांचा, वाऱ्यावर, तऱ्हा, अर्जात तर शेतकऱ्यांशिवाय एक ओळ होत नाही. त्याला साधा र नाही चालत, नुक्ता असलेला ऱ लागतो, क्रमांक ०९३१, मग हलन्त, मग य. तसंच ॲडव्होकेटचा ॲ. पूर्वी अ ला जोडून चंद्र द्यायचे, २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला, ०९७२. दिसायला दोन्ही सारखे पण शोधायला गेलं की एक सापडतं आणि दुसरं नाही. माझ्या एका फाइलमध्ये दोन्ही मिसळले होते, एक अख्खी रात्र गेली होती.

आणि काकांच्या जुन्या फाइली बिगर युनिकोड फॉन्टमधल्या असतील तर त्यात हा कीबोर्ड चालणार नाही. तिथं इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी चित्रं बसवलेली असतात.

मांजराकाठ
ऱ्य चं वेगळं बटण काकांनीच मागून घेतलं, आणि त्याला शेतकऱ्याचा र म्हणतात. जुन्या फाइली हळूहळू बदलून घ्यायलोय.

पैनगंगा
मी हिंगोलीचा, निजामकाळातले दस्त वाचायचं काम करतो. आपल्याकडं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळं जुने कागद उर्दूत आणि मोडीत. मोडीचा नकलाकार आता शोधून सापडत नाही. या कीबोर्डला मोडीचं पान जोडता येईल का? मोडी युनिकोडमध्ये २०१४ ला आली, ७.० आवृत्तीत.

सिंदफणा
येईल, फक्त एक खुबी आहे. मराठीला लागणारे देवनागरीचे क्रमांक ०९०० ते ०९७एफ मध्ये बसतात, एका अक्षराला एकच सोळा बिटांचा आकडा पुरतो. मोडी ११६०० पासून सुरू होते, ती सोळा बिटांत मावत नाही. म्हणून दर अक्षराचे दोन तुकडे पाठवावे लागतात, मोडीचा पहिला तुकडा कायम डी८०५. दोन्ही लागोपाठ, एकाच ॲरेत. सोबत मोडीचा फॉन्ट पाहिजे, नाहीतर चौकोन दिसतील.

पैनगंगा
मांजराकाठ, तुमचं काम झालं की मी चाचणीला तयार आहे. घाई नाही.

मांजराकाठ
एक नवीन भानगड. काकांकडं एक जुनं सॉफ्टवेअर आहे, कुठलं ते राहू द्या. त्यात कीबोर्ड काहीच टाइप करत नाही. वर्डमध्ये येतं, नोटपॅडमध्ये येतं, ब्राउझरमध्ये येतं, यात नाही. एररपण नाही, सेंडइनपुट म्हणतं सगळं पाठवलं.

सिंदफणा
ते सॉफ्टवेअर ॲडमिन म्हणून चालतंय का बघा. व्हिस्टापासून विंडोजमध्ये यूआयपीआय आहे, खालच्या पायरीवरच्या प्रोग्रॅमला वरच्या पायरीवरच्या खिडकीत कळा पाठवता येत नाहीत, आणि अडवलं म्हणून सांगतपण नाही. सोपा उपाय, कीबोर्डपण ॲडमिन म्हणून चालवा. नीट उपाय, मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या माहितीच्या फाइलीत, यूआयॲक्सेस चालू करून प्रोग्रॅमवर डिजिटल सही घ्यायची आणि प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवायचा. आणि परवानगी मागणारी ती अंधारलेली स्क्रीन येते ना, तिथं यातलं काहीच पोचत नाही, ‘होय’ काकांना साध्या माउसनंच दाबावं लागेल.

मांजराकाठ
ॲडमिनच होतं. झालं.

गोदाकाठची
काकांचं काय म्हणणं आहे आता? बरेच दिवसांत त्यांच्याविषयी काही लिहिलं नाही तुम्ही.

मांजराकाठ
ताई, परवा काकांनी पहिला अर्ज पूर्ण केला. औसा तालुक्यातल्या एका म्हातारीचा, कलम १४३ चा, शेतात जायला रस्ताच नाही. एक पान, एक तास चाळीस मिनिटं. मी शेजारी बसलो होतो पण हात लावू दिला नाही. पहिल्या अर्ध्या तासात तीन ओळी झाल्या. मग त्यांनी पट्टीकडं बघायचं सोडून दिलं आणि वेग वाढला. म्हातारी ओट्यावर बसून होती, तिला म्हणलं आजी उद्या या, तर म्हणली, “बसते की, मला कुठं जायचंय, रस्ता हाय का मला.”

छापून झाल्यावर काकांनी कागद डाव्या हातात धरून दोनदा वाचला आणि एका जागी बोट ठेवलं. ‘बांधावरून’ वर अनुस्वार राहिला होता. परत बसले, स्वतः दुरुस्त केलं, परत छापलं.

आता त्यांच्या फर्माइशी सुरू झाल्यात. ‘मा. तहसीलदार साहेब’ याचं एक बटण, ‘अर्जदार’ याचं एक, ‘येणेप्रमाणे विनंती अर्ज’ याचं एक. आणि चुकलेलं अक्षर अख्खं खोडायचं बटण, कारण बॅकस्पेसनं क्ष खोडायला तीनदा दाबावं लागतं. तेवढं आज करून टाकतो.

जवारीची_भाकर
आजीला रस्ता मिळाला की इथं कळवा दादा. वाट बघतोय.

मांजराकाठ
नक्की. आणि तेरणाकाठ ताई, बाण थांबला की दाबलं जायची सोय झालीय. पण किती वेळ थांबल्यावर दाबायचं ते मला इथं बसून ठरवता येईना. माझ्या हाताला अर्धा सेकंद बरोबर वाटतो, काकांना एक लागतो, तुमच्या बहिणीला किती लागेल ते तिच्या शेजारी बसल्याशिवाय कळणार नाही. रविवारी धाराशिवला आलो तर चालेल का? लॅपटॉप घेऊन येतो.

तेरणाकाठ
चालेल काय, याच. दुपारी आमच्याकडं लाइट जाते, सकाळीच निघा. तिनं विचारलंय, शेतकऱ्याचा र तिच्या कीबोर्डवरपण त्याच जागी ठेवणार का.